न निवडलेला माल

शेवटचा माग भंगारात जाऊन सात वर्षे झाली, तरी घरामागच्या पत्र्याच्या शेडला आमच्याकडे अजून ‘कारखाना’च म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरे पुष्कळ आहेत: पुढे दोन खोल्या, मागे खटखटणारे माग आणि मधल्या दारात वर्षानुवर्षे साचलेला सुताचा भुरका. सासऱ्यांनी चार मागांवर टॉवेल विणून संसार उभा केला. माग गेले, पण ज्या बोल्टांनी ते जमिनीला जखडलेले होते त्यांपैकी काही कोब्यातून अजून बोटभर वर आलेले आहेत आणि वंगणाचे काळे डाग कितीही घासले तरी निघालेले नाहीत. तीस वर्षे शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाल्यावर मी याच शेडमध्ये लाकूडकाम शिकायला घेतले, आणि लाकडाला हात लावण्याआधीच हत्यारे कोणती घ्यावीत, स्वस्त की महाग, या प्रश्नाने मला गाठले.

सुरुवात बहुतेक जण करतात तशीच मी केली. प्लास्टिकच्या पेटीत बसवलेली बत्तीस हत्यारे साडेसहाशे रुपयांना आणली. पेटी उघडली की प्रत्येक हत्यार आपापल्या खाचेत चकचकीत निजलेले दिसे. ती खाच हीच त्या पेटीतली सर्वांत अचूक वस्तू आहे, हे कळायला मला दोन महिने लागले.

पहिला माघार घेणारा स्क्रू ड्रायव्हर निघाला. स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी घट्ट करताना तो घसरला, पुन्हा घसरला आणि तिसऱ्या वेळी स्क्रूच्या डोक्यावरची फुली वाटीसारखी गोल झाली. ड्रायव्हरचे टोक पाहिले तर त्याच्या कडा मेणासारख्या मुडपल्या होत्या. दोष मी अर्थातच स्वस्ताईला दिला, आणि तो अर्धाच बरोबर होता. फुली दिसली की आपण ती एकच समजतो. पण अमेरिकेत १९३० च्या दशकात हेन्री फिलिप्स यांच्यामुळे रूढ झालेल्या फुलीच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की टोक आपोआप वर उचलले जाते. नंतर आलेल्या पोझिड्राइव्ह फुलीच्या भिंती जवळजवळ सरळ असतात, आणि ती ओळखू यावी म्हणून स्क्रूच्या डोक्यावर फुलीच्या चार बाह्यांच्या मध्ये चार बारीक तिरक्या रेघा असतात. युरोपीय धाटणीच्या बिजागऱ्यांना बहुधा हाच स्क्रू येतो, आणि माझ्या पेटीत फिलिप्स होता. मऊ पोलाद आणि चुकीची फुली असे दोन्ही दोष एकत्र आले होते. पुढे योग्य फुलीचा, चांगल्या कंपनीचा ड्रायव्हर अडीचशे रुपयांना आणला, आणि तो आजही तसाच धारदार कडांचा आहे.

दुसरा धडा जमिनीतल्या बोल्टांनी दिला. मागाच्या जागी कामाचा बाक बसवायचा आणि त्याचे दोन पाय त्याच बोल्टांना जखडायचे, असे मी ठरवले होते. त्यासाठी आधी बोल्टांवरचे गंजलेले नट काढायला हवे होते. पेटीतला १५ चा पाना नटावर चढेना आणि १६ चा खडखडे. तरी मी जोर लावला आणि नटाचे कोपरे झिजवले. मग ईर्ष्येने चांगल्या कंपनीचा, क्रोम व्हॅनेडियम असे मिश्र पोलादाचे नाव कोरलेला १६ चा पाना आणला. तोही तसाच घसरला. पैसे जास्त लागले एवढाच काय तो फरक.

शेवटी गल्लीतल्या जॉबर मामांना बोलावले. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, हे सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, आणि तेव्हापासून या गावात माग दुरुस्त करणाऱ्या हातांची परंपरा आहे. मामांनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांनी माझे दोन्ही पाने हातात घेतले, नटावर बोट फिरवले आणि म्हणाले, “पाना चांगला हाय की ओ ताई. माप चुकलंय. हे इंची काम हाय.” मग त्यांनी घरून तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक जाडजूड पाना आणला. त्याच्यावर ‘५/१६ डब्ल्यू’ असे कोरलेले होते.

हा ‘डब्ल्यू’ म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे एक प्रमाण सुचवले, आणि इंग्रजी धाटणीच्या यंत्रांबरोबर ते आपल्याकडेही आले. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, पण कायद्याने नट बदलत नाहीत. गंमत अशी, की व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. ५/१६ च्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात ०.६ इंच, म्हणजे सुमारे १५.२ मिलिमीटर असते. माझा १६ चा पाना त्यावर पाऊण मिलिमीटरहून अधिक सैल होता. सैल पाना षटकोनाच्या बाजूंना टेकत नाही, तो थोडा फिरून फक्त कोपऱ्यांवर रेलतो आणि सगळा जोर त्या कोपऱ्यांवर येतो. हे भूमितीच्या शिक्षिकेला आधी सुचायला हवे होते. मामांनी रॉकेलमध्ये बुडवलेली चिंधी रात्रभर नटावर ठेवायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी तो जुना, बिनचकाकीचा पाना लावून दोन झटक्यांत नट सोडवला. त्या पान्याला स्वस्त म्हणावे की महाग, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या दुपारपासून मी किमतीकडे वेगळ्या रीतीने पाहू लागले, आणि त्यासाठी मला हत्यारांपेक्षा टॉवेलच जास्त उपयोगी पडले. माग चालू होते तेव्हा सासूबाई रोज दुपारी खिडकीपाशी बसून टॉवेलांच्या चळती निवडत. प्रत्येक टॉवेल उजेडात धरायचा, तुटलेला धागा, विरळ पडलेली पट्टी, तेलाचा ठिपका पाहायचा, आणि मग एकतर उजवीकडे ठेवायचा किंवा डावीकडे. डावीकडचा सेकंड माल किलोवर जाई. दोन्ही चळतींतले सूत एकच, माग एकच, विणणारा एकच. फरक इतकाच की एका चळतीमागे सासूबाईंचे डोळे होते. महाग हत्याराचे पोलाद वेगळे असते हे मला मान्य आहे, पण किमतीचा मोठा वाटा, माझ्या मते, या उजेडात धरण्याचा असतो. स्वस्त हत्यार हा बहुतेक वेळा न निवडलेला माल असतो, आणि तो विकत घेणाऱ्याने तपासनीसाची नोकरी बिनपगारी पत्करलेली असते. ती नोकरी आपल्याला जमणार आहे का, हा खरा प्रश्न. आणि तो हत्यारागणिक बदलतो.

गुण्याचेच घ्या. काटकोन तपासण्याचे हे साधन, आणि पेटीतला गुण्या काटकोनाशी फारसे सख्य राखणारा नव्हता. परदेशी बनावटीचे अचूक गुणे तीन-चार हजारांना मिळतात, आणि चांगल्या कंपन्या त्यात चूक किती असू शकते तेही सांगतात. मी मात्र एक सरळ कडेची फळी आणि टोक काढलेली पेन्सिल पिशवीत घालून गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. गुण्या फळीच्या कडेला टेकवून रेघ ओढायची, मग तो उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर काटकोन खरा. फाकल्या तर जी फट दिसते ती चुकीच्या दुप्पट असते, म्हणून लहानशी चूकही डोळ्यांना सापडते. दुकानदाराने एकशे दहा रुपयांवाले सहा गुणे काउंटरवर मांडले आणि काही वेळाने कंटाळून म्हणाले, “मॅडम, भाजी निवडल्यासारखं निवडताय की.” सहांपैकी दोन खरे निघाले. त्यातला एक मी घेतला, आणि त्याचे काम तीन हजारांच्या गुण्याहून वेगळे नाही. उरलेले चार पुन्हा खोक्यात गेले आणि कोणाच्या ना कोणाच्या घरी गेले असतील.

पक्कडीत प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. रस्त्यावरच्या एका गाड्यावरून मी एकशे वीस रुपयांना एक पक्कड आणली होती, तिच्यावर नामांकित कंपनीचे नाव होते. घरी येऊन चश्मा लावून पाहिले तर अक्षरे उथळ आणि एका बाजूला कललेली. तिने पहिलाच खिळा कापला, पण खिळ्याबरोबर तिच्या पात्यालाही खिळ्याच्या जाडीची खाच पडली. नंतर नाशिकच्या टापारियाची पक्कड साडेतीनशेच्या आत घेतली. ती घेताना दुकानातच जबडा मिटून उजेडाकडे धरला, कुठे फट दिसते का पाहिले, आणि पात्यांत कागदाचा तुकडा धरून तो टोकापासून मुळापर्यंत सारखा कापला जातो का तेही पाहिले. पुण्यातल्या भाच्याकडे क्निपेक्सची पक्कड आहे. जर्मनीतल्या वुपरटालची, १८८२ पासूनची ही कंपनी. दोन्ही पक्कडींनी मी एकाच गुंडाळीची कडक तार कापून पाहिली. दोन्हींनी कापली, पण भाच्याच्या पक्कडीला मुठीत जेमतेम जोर लागला आणि माझ्या पक्कडीला दुसरा हात लावावा लागला. महिन्यातून चार तारा कापणाऱ्या मला त्या फरकासाठी आठपट पैसे मोजणे पटत नाही. दिवसभर तारा कापणाऱ्याने मात्र मोजावेत, कारण त्याच्या मनगटाची किंमत त्याहून जास्त आहे.

इथेच एक तक्रारही नोंदवते. दुकानात पक्कड मागितली की आठ इंचीच पुढे येते, कारण घेणारा पुरुष असणार हे गृहीत धरलेले असते. माझ्या मुठीत ती पूर्ण उघडली की करंगळी दांड्याला पोचतच नाही. सहा इंची पक्कड मागवून घ्यावी लागली, आणि ती हातात आल्यावर माझे निम्मे श्रम वाचले. महाग मालाच्या बाजूने बोलायचे तर, एकाच पक्कडीची चार-पाच मापे तिथे सहज मिळतात.

विजेच्या कामाला मात्र मी तपासनीस होऊ शकत नाही, आणि कोणीही घरी होऊ नये. दांड्यावर रंगीत प्लास्टिक चढवले म्हणजे पक्कड विद्युतरोधक झाली असे नसते. ते पुष्कळदा फक्त पकडीसाठी असते. खऱ्या विद्युतरोधक हत्यारावर एकात एक गुंतलेल्या दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असे छापलेले असते, आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार त्याची चाचणी झालेली असते. ती चाचणी मी करू शकत नाही, म्हणून ती करणाऱ्याला पैसे देते, आणि ते हत्यार गाड्यावरून न घेता पावती देणाऱ्या दुकानातून घेते.

पटाशीवर माझा सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो गेल्याचे वाईटही वाटत नाही. एक इंची देशी पटाशी दीडशे रुपयांना मिळाली. तिची पाठ, म्हणजे जी बाजू सपाट असायला हवी ती, होडीच्या बुडासारखी फुगीर होती. पाठ सपाट नसेल तर पुढची धार कितीही घासा, ती लाकडात सरळ जाणार नाही. मी पहिल्यांदा अंगणातल्या शहाबादी फरशीवर पॉलिश पेपर चिकटवून ती घासली. फरशी पायाला सपाट लागते, पण पोलादाला ती सपाट नसते हे अर्ध्या तासात कळले. मग काचवाल्याकडून बारा मिलिमीटर जाडीचा तुकडा आणला, त्यावर पाण्याचा पेपर ठेवला आणि तीन संध्याकाळी बसून पाठ आरशासारखी केली. समोरचा उतार २५ अंशांचा ठेवला, आणि अगदी टोकाला ३० अंशांची केसाएवढी पट्टी काढली. कोनमापक यासाठी शाळेतलाच वापरला.

सपाटपणा माझ्या श्रमाने आला, पण पोलादाचे पाणी माझ्या हातात नव्हते. पोलाद लाल तापवून विझवले की ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून त्याला पुन्हा दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा उतरवतात. आपली माणसे या सगळ्याला ‘पाणी देणे’ म्हणतात. पाणी आहे की नाही हे घरच्या घरी पाहायचे तर बारीक कानस लावून बघावी: ती निसटली तर पाते कडक, चावली तर मऊ. दुकानदार अर्थातच हे करू देत नाही, त्यामुळे पटाशीच्या बाबतीत तपासणी विकत घेतल्यावरच होते आणि नशिबाचा भाग उरतो. माझ्या पटाशीला पाणी बऱ्यापैकी होते. ते मीच घालवले, म्हणजे घालवू दिले. धारेवरचा एक तुकडा उडाला म्हणून मी ती ग्राइंडरवर धार लावणाऱ्याकडे दिली, आणि परत आली तेव्हा टोकाशी निळसर झाक होती. तो निळा रंग म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या जवळ तापल्याची खूण. पाणी उतरलेले होते. पुढे तेवढा भाग थंड पाण्यात बुडवत बुडवत घासून काढावा लागला आणि पटाशी आखूड झाली.

भाच्याने नंतर वाढदिवसाला एक परदेशी पटाशी दिली, किंमत त्याने सांगितली नाही आणि मी इंटरनेटवर पाहिली. चांगल्या पटाश्यांचा कडकपणा रॉकवेल सी मापावर ५८ ते ६२ च्या दरम्यान असतो, आणि हिचा तसा असल्याचे वेष्टनावरच छापलेले होते. पाठ सपाट करायला पाच मिनिटे लागली. दोन्ही पटाश्या सारख्याच कोनात पाजून मी बाभळीच्या तुकड्याच्या आडव्या टोकावर चालवून पाहिल्या. देशी पटाशी दहा मिनिटांत जड झाली, दुसरी अर्धा तास तशीच चालत राहिली. तीन संध्याकाळी आणि वीस मिनिटे, असा तो हिशेब. माझ्याकडे संध्याकाळी भरपूर आहेत. भाच्याकडे नाहीत, म्हणून त्याने महाग घेणे हाच त्याच्यापुरता काटकसरीचा मार्ग आहे, आणि हे त्याला मी कबूलही केले आहे.

रंध्याने मात्र मला हरवले. आज मिळणारा लोखंडी रंधा मुळात लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराच्या कल्पनेतला. स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये त्याचा धंदा विकत घेतला, आणि पुढे जगभर त्याच्या नकला झाल्या. म्हणून अकराशे रुपयांचा रंधा आणि वीस हजारांच्या वरचा रंधा फोटोत जुळ्या भावांसारखे दिसतात. मी अकराशेचा घेतला. तळाला पेन्सिलीच्या रेघा मारून काचेवर घासला तर तोंडाच्या, म्हणजे पाते जिथून बाहेर येते त्या फटीच्या, मागच्या रेघा पुसल्याच जाईनात, म्हणजे तळ नेमका तिथेच खोलगट. तळ मी महिनाभराने सरळ केला. पण पाते ज्या बेचक्यावर टेकते ते बेचकेच हलत होते, आणि तिथे घासायला कानसही शिरत नव्हती. पाते थरथरे आणि लाकडावर शिडीसारखे आडवे ओरखडे उठत. माझ्या तपासणीने दोष सापडला, पण तो काढण्याचे सामर्थ्य माझ्यात नव्हते. स्वस्त लोखंडी रंधा कोणी घेऊ नये असे माझे ठाम मत आहे, आणि वीस हजारांचाही घेण्याचे कारण नाही, कारण गल्लीतल्या एका सुताराने दुकान बंद करताना आपला लाकडी रंधा मला सहाशेला दिला. त्याचा तळ झिजला की दुसऱ्या रंध्याने सरळ करता येतो आणि पाते पाचरीने घट्ट बसते. थरथरायला त्यात काही नाहीच.

हातोडीबद्दल सांगण्यासारखे फार नाही. स्वस्त डोके घ्यावे आणि बाभळीचा दांडा बसवून घ्यावा. हातकरवतीत स्वस्ताईने उलट बाजी मारली आहे: दातांची टोके काळसर निळी दिसणारी, कडक केलेल्या दातांची करवत तीनशेला मिळते आणि वर्षभर सुरेख कापते, फक्त ती पुन्हा पाजता येत नाही, कारण दातांवर कानस चालतच नाही. जुनी करवत तिकोनी कानशीने जन्मभर पाजता येते. मी दोन्ही ठेवल्या आहेत, आणि हात नेहमी फेकायच्या करवतीकडेच जातो, हे कबूल करायला जरा लाज वाटते.

माझ्याकडचे सर्वांत आवडते पाते ना स्वस्त पेटीतले आहे ना परदेशी. शहराबाहेर रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या एका घिसाडी कुटुंबाकडून मी वाकस, म्हणजे लाकूड तासायचे हत्यार, घेतली. बाई भाता चालवत होती, पुरुष ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा तापवून ठोकत होता. कमानीचे पोलाद जात्याच चिवट असते, वर्षानुवर्षे वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच ते बनवलेले असते. त्याने धार विझवली, बाजूच्या बाभळीच्या ओंडक्यावर तीन घाव घातले आणि धार अंगठ्यावर आडवी फिरवून मला दाखवली. एक वाकस त्याने अशी तपासून बाजूला टाकली, ती मला विकली नाही. अडीचशे रुपयांत पोलाद, घडण आणि तपासणी असे तिन्ही मिळाले, आणि तपासणी माझ्या डोळ्यांदेखत झाली.

कामाचा बाक आता त्या बोल्टांवर बसला आहे, आणि रंधा मारताना तो तसूभर हलत नाही. फक्त एप्रिल-मेमध्ये, पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की, बाकाचे सागवानी पाय सुकून आकसतात आणि नट ढिले पडतात. तेव्हा मी मामांकडे ५/१६ चा पाना मागायला जाते. मागच्या वर्षी तो मला विकत द्या म्हणून मी पाचशे रुपये पुढे केले, तर त्यांनी नोटेकडे पाहिलेही नाही. “मापाचा दुसरा मिळत न्हाई आता,” म्हणाले, आणि फडके सोडून पाना काढून दिला. “संध्याकाळी आणून द्या. आणि तेल लावून द्या.”